नऊची शाळा की पाचची? बे एरियात भाडेकरारावर सही करण्याआधी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सॅन होजे या पट्ट्यात घर शोधायला बसलं की भाड्याशेजारीच शाळेचा आकडा दिसतो. झिलो-रेडफिन या घरं शोधायच्या साइट्सवरचा हा एक ते दहामधला अंक ग्रेटस्कूल्स नावाची संस्था देते आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरच निकाल लागतो: आठच्या खाली बघूच नका. तुमच्यासमोर एक नऊची आणि एक पाचची पब्लिक स्कूल (घराच्या पत्त्यावरून मिळणारी सरकारी शाळा) असेल, नऊच्या हद्दीतलं भाडं डोळे पांढरे करणारं असेल आणि मूल यंदा केजीत जाणार असेल, तर त्या अंकाच्या आत काय भरलंय ते बघूनच पैसे मोजा.

कॅलिफोर्नियात इंग्रजी आणि गणिताची राज्यस्तरीय परीक्षा तिसरीपासून सुरू होते. म्हणजे केजी, पहिली, दुसरीच्या वर्गांत काय चालतं याचा त्या अंकाशी थेट संबंधच नाही. मूल पहिली तीन वर्षं जिथे काढणार, तो भाग कोराच राहतो.

आता दोन्ही शाळांची पटसंख्या शेजारी शेजारी ठेवा. नऊच्या शाळेत बहुतेक मुलं 'एशियन' गटातली असतात. या एकाच रकान्यात भारतीय, चिनी, व्हिएतनामी सगळे येतात. फिलिपिनोंचा रकाना मात्र वेगळा. सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित म्हणून नोंदलेली मुलं तिथे थोडी. पाचच्या शाळेत लॅटिनो मुलं बरीच, इंग्रजी शिकणारी बरीच आणि वंचित गटातली निम्म्याच्या आसपास असू शकतात. 'वंचित' म्हणजे मुख्यतः ज्यांच्या घरचं उत्पन्न सवलतीच्या जेवणाच्या मर्यादेत बसतं किंवा ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणीच हायस्कूल पूर्ण केलेलं नाही अशी मुलं. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या शाळांचे निकाल तपासले, तेव्हा सरासरी गुण घरच्या परिस्थितीशी घट्ट बांधलेले दिसले. मुलं वर्षागणिक किती पुढे जातात याचा त्या परिस्थितीशी संबंध मात्र खूपच सैल निघाला. नऊच्या अंकात कुमॉन आणि रशियन मॅथ या खासगी शिकवण्यांचा वाटा किती, हे तर कोणीच वेगळं काढत नाही.

म्हणून शाळेची सरासरी सोडा आणि तुमच्या मुलाची ओळ बघा. राज्याच्या परीक्षा-निकालांच्या संकेतस्थळावर पालकांच्या शिक्षणानुसार निकाल फोडून पाहता येतात. 'पदव्युत्तर' हा गट निवडा, कारण एच-वन-बीवर आलेल्या आपल्या बहुतेक घरांत निदान एकाची तरी मास्टर्स असतेच. समजा, एकूण निकाल (म्हणजे अपेक्षित पातळी गाठणारी मुलं) ८० टक्के विरुद्ध ४८ टक्के आहे, पण या गटात तो ८६ विरुद्ध ८१ आहे. मग महिन्याचं जादा भाडं त्या पाच टक्क्यांसाठी आहे, बत्तीससाठी नाही. उलट या गटातही मोठी दरी दिसली, तर पाचच्या शाळेकडे खरंच संशयाने बघा. दहा किंवा त्याहून कमी मुलांच्या गटापुढे आकड्याऐवजी तारांकन येतं. तसं दिसलं की तुमच्यासारखी घरं तिथे मोजकीच आहेत हे तरी कळतं.

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या ओळीने मात्र घाबरू नका. त्या ओळीत उद्या तुमचंच मूल असू शकतं. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. त्यात मुलाची पहिली भाषा मराठी असं प्रामाणिकपणे लिहिलं की शाळा मुलाची इंग्रजीची चाचणी घेते आणि पाच वर्षांचं लाजरं मूल अनोळखी बाईंसमोर गप्प बसलं तर 'इंग्लिश लर्नर' ठरतं. काही आईबाबा हे टाळायला 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण मुलाला मिळणारी जादा मदत आपल्या हातानेच नाकारली जाते. गंमत पुढे आहे. मूल इंग्रजीत तयार झालं की त्याला या गटातून काढून दुसऱ्या ओळीत टाकतात. हुशार झालेली मुलं सतत बाहेर जाणार आणि नवखी आत येणार, तर त्या ओळीचा निकाल कायम पडलेलाच दिसणार. त्यावरून शाळा वाईट ठरवणं चुकीचं. किती मुलं त्या गटातून बाहेर पडतात, हे शाळेला विचारा.

प्रगती मोजायची साधी युक्ती: यंदाच्या पाचवीचा निकाल घ्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या तिसरीचा शेजारी ठेवा. मुलं येतात-जातात, त्यामुळे तुलना काटेकोर नसते, पण दिशा कळते. तिसरीत ४० टक्क्यांवर असलेला वर्ग पाचवीत ५० वर गेला असेल तर त्या शिक्षकांनी घाम गाळलाय. नऊची शाळा ८२ वरून ८० वर आली असेल तर तिने काय केलं, हे मला तरी सांगता येणार नाही.

गैरहजेरीचा आकडाही बघा. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारं मूल 'दीर्घ गैरहजर' धरतात. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. डिसेंबरची सुट्टी पुढे ताणून पुण्याला महिनाभर राहिलात तर तुमचंही मूल त्यात जाऊ शकतं, तेव्हा आधीच इंडिपेंडंट स्टडीचा (शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याचा) करार करून जा.

पैशाचं म्हणाल तर नऊच्या शाळेत पालक देणग्या देतात आणि त्यातून कला, संगीताचे तास चालतात. पाचची शाळा टायटल वनमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीच्या योजनेत असेल, तर अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी केंद्राचा निधी येतो.

मूल केजीत जाणार असेल, पाचच्या शाळेत तुमच्या गटाची ओळ चांगली असेल आणि वर्ग वर सरकत असतील, तर मी पाचची शाळा घेईन. वाचलेल्या भाड्यात पोहणं, तबला, भारताची तिकिटं सगळं बसतं. मूल चौथीत असेल, गणितात वर्गाच्या पुढे धावत असेल आणि तुम्ही गावात नवखे असाल, तर नऊची. तिथे बरोबरीची मुलं मिळतील आणि शाळेतून आणायला शेजारची मराठी आईही मिळेल. स्पर्धेने कोमेजणारं मूल असेल तर तिथे दोनदा विचार करा.

नऊच ठरली असेल, तर सहीआधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) प्रवेश कार्यालयाला फोन करा. हद्दीत घर असलं तरी तुमच्या इयत्तेचे वर्ग भरलेले असले, तर मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवू शकतात, आणि ती पाचचीही असू शकते.