ऑक्टेव्हसाठी केट एडिटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टेव्ह म्हणजे आकडेमोडीची, मॅटलॅबशी बरीच जुळणारी फुकट प्रोग्रामिंग भाषा. तिच्या स्क्रिप्ट लिहायला गेल्या पावसाळ्यापासून केट हा टेक्स्ट एडिटर वापरतोय. निकाल आधीच सांगतो: लिहायला उत्तम, चुका शोधायला अर्धवट. मी इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांना न्यूमरिकल मेथड्स शिकवतो. कॉलेजच्या लॅबमध्ये मॅटलॅब, घरी प्रतापनगरात लिनक्सवर ऑक्टेव्ह. घरी लिहिलेलं लॅबमध्ये जसंच्या तसं चाललं पाहिजे, एवढीच माझी अट.

ऑक्टेव्हला स्वतःचा एडिटर आहेच. पण फाइल ब्राउझर, वर्कस्पेस, कमांड हिस्टरी, कमांड विंडो आणि त्यांच्यातच एडिटर. लहान स्क्रीनवर लिहायला हातरुमालाएवढी जागा उरते.

केटमध्ये सगळ्यात आधी मोड ठरवा, म्हणजे कोणत्या भाषेच्या नियमांनी कोडला रंग द्यायचे ते. 'डॉट एम' या शेपटावर मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि ऑब्जेक्टिव्ह-सी तिघांचाही हक्क, त्यामुळे एडिटरच्या अंदाजावर सोडू नका. मी मुद्दाम मॅटलॅबचा मोड लावलाय, ऑक्टेव्हचा नाही. ऑक्टेव्हला 'इफ' बंद करायला 'एंडिफ' चालतं, # नेही टिपण (कॉमेंट) सुरू करता येतं. मॅटलॅबला दोन्ही चालत नाही. या मोडमध्ये 'एंडिफ' लिहिलं की त्याला कीवर्डचा रंग चढतच नाही, # नंतरची ओळ टिपणाच्या रंगात येत नाही. लॅबमध्ये काय अडणार ते घरीच दिसतं, तेही फुकटात. += (चलात भर घालायचं चिन्ह) मात्र सुटतं. ऑक्टेव्ह ते आनंदाने घेतो, मॅटलॅब घेत नाही, आणि रंगावरून काही कळत नाही.

दुसरं काम 'एक्स्टर्नल टूल्स'चं, म्हणजे केटमधूनच बाहेरचा प्रोग्राम चालवायची सोय. तिथे थेट ऑक्टेव्ह लावलं तर स्क्रिप्ट संपताच आलेखाची खिडकीही गुल. म्हणून एक्झिक्युटेबल (चालवायचा प्रोग्राम) म्हणून कॉन्सोल हा लिनक्सवरचा टर्मिनल द्यायचा आणि त्याच्याकडून ऑक्टेव्ह 'नो-जीयूआय' व 'पर्सिस्ट' हे पर्याय लावून चालवायचं. स्क्रिप्ट संपली तरी प्रॉम्प्ट उघडा राहतो, आलेख निवांत बघता येतो. चालवण्याआधी चालू फाइल सेव्ह करायचा पर्यायही तिथेच निवडा, नाहीतर जुनीच फाइल पळते आणि आपण आकडे का बदलत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसतो.

रिकाम्या जागा दाखवणारी सेटिंग चालू ठेवा. मॅट्रिक्सच्या कंसात सात, स्पेस, मग दोनला चिकटलेलं वजाचं चिन्ह असेल तर त्या दोन संख्या. वजाच्या दोन्ही बाजूंना स्पेस असेल तर एकच संख्या, पाच. एका स्पेसने मॅट्रिक्सचा आकार बदलतो आणि मग गुणाकाराच्या ओळीवर एरर येते, जिथे चूक नसतेच.

टिपणं मी मराठीतच लिहितो. फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असलं की अडत नाही, फक्त देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने रकाने सरळ राहत नाहीत. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला तर मात्र आकडेही देवनागरी उमटतात, आणि ते ऑक्टेव्ह संख्या म्हणून मानत नाही. कीबोर्ड बदलायची कळ बोटांत बसवूनच घ्या.

मे महिन्यात नागपुरात दुपारी लाइन गेली की केटच्या स्वॅप फाइलची, म्हणजे सेव्ह न केलेले बदल जपणाऱ्या फाइलची, किंमत कळते. ती मुळातच दर १५ सेकंदांनी डिस्कवर जाते. मशीन पुन्हा सुरू केल्यावर केट स्वतःच विचारतो, राहिलेलं परत आणू का? मात्र फाइलला आधी नाव दिलेलं हवं. बिननावाच्या नव्या पानाला हे संरक्षण नाही.

आता अर्धवट का म्हटलं ते. या मांडणीत ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवायच्या खुणा, नाहीत. लूपच्या मध्ये थांबून चलांच्या किमती बघायच्या तर मी मुकाट्याने ऑक्टेव्हचा स्वतःचा एडिटर उघडतो. त्या कामाला तोच बरा. तेवढ्या वेळेपुरती केटमधली फाइल बंद करतो, नाहीतर दोघंही 'फाइल बाहेरून बदलली' म्हणून विचारत राहतात. केट विंडोजवरही मिळतो, फुकट आहे. पण वर सांगितलेली कॉन्सोलची युक्ती लिनक्सवाल्यांसाठीच.