स्कॅन करून बनवलेलं सॉकेट, 8 महिन्यांनंतर: आपली फाइल मागून घ्या

डावा पाय गुडघ्याखाली नाही. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पेला, ज्यात उरलेला पाय बसतो. आधीची दोन सॉकेट पीओपीच्या साच्यावरची होती, हे तिसरं स्कॅनवरचं. ठाण्यातल्याच एका सेंटरमध्ये केलं, नाव लिहीत नाही. उरलेल्या पायाचा स्कॅन, संगणकावर आकार दुरुस्त करणं, फोमचा ठोकळा त्या आकारात मशीनवर कोरणं, त्यावर तापवलेली पॉलिप्रॉपिलीनची (प्लास्टिकची) शीट व्हॅक्यूमने ओढणं, अशी ही पद्धत.

पहिले चार महिने फार सुखाचे गेले. प्लास्टर ओलं असताना पाय धरून बसायचा त्रास नाही, फिटिंगच्या फेऱ्याही कमी. रोज ठाण्याचा पूल चढून ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळ्याला जातो. संध्याकाळी परतताना पाय काढून टाकावासा वाटत नव्हता, हे माझ्यासाठी नवीन होतं.

मग पावसाळ्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या बारीक हाडाच्या टोकावर, लाल चट्टा उठला. आठवड्यात कातडी सोलली. मधुमेह आहे, त्यामुळे घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. नऊ दिवस कुबड्यांवर काढले, रजा बिनपगारी. तेव्हाच हा अनुभव लिहायला घेतला होता. मशीनला हाड कुठे आहे ते कळत नाही, हाताने साचा घेणारा माणूसच बरा, असं लिहून ठेवलं होतं.

ते आता खोडतो आहे. स्कॅनरला फक्त बाहेरचा आकार दिसतो हे खरं, पण हाडाच्या जागेवर प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या) ताईंनी बोटांनी चाचपून खूण केली होती आणि तिथे सॉकेटमध्ये मोकळी खोबणही ठेवली होती. चूक तिथे नव्हती. साखर आटोक्यात आणताना माझं सहा किलो वजन उतरलं, त्याबरोबर स्टंप, म्हणजे उरलेला पायही बारीक झाला. बारीक झालेला स्टंप सॉकेटमध्ये खोल जातो. हाडाचं टोक आपल्या खोबणीच्या खाली उतरलं आणि तिच्या कडेवर घासायला लागलं. मी सकाळी स्टंपवर तीन प्लायचा (प्लाय म्हणजे जाडीचं माप) सॉक्स घालून दिवसभर तसाच वावरत होतो. दुपारी वरून आणखी एक चढवला असता तर कदाचित इतकं झालं नसतं.

हे कळलं कशामुळे, तर स्कॅनच्या जुन्या फाइलमुळे. ताईंनी नवा स्कॅन जानेवारीच्या पहिल्या स्कॅनवर ठेवून दाखवला. घेर 18 मिलिमीटरने कमी, तोही मुख्यतः पोटरीकडे; पुढच्या हाडाकडे आकार जवळजवळ तसाच. पीओपीच्या सॉकेटचं असं काही उरत नाही. सॉकेट काढताना साचा फोडतात आणि मागे फक्त वहीतली मापं राहतात. स्टंप कुठे किती उतरला हे मला आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

म्हणूनच काउंटरवर झालेलं बोलणं लागलं. "काका, नवीन सॉकेट म्हणजे पूर्ण पैसे." अहो, आकार तुमच्याकडे आहे, दुरुस्त्या तुमच्याकडे आहेत, फोम, शीट आणि ताईंची मेहनत यांचे पैसे मी आनंदाने देतो. पण पहिल्या दिवसापासूनचं सगळं काम पुन्हा लावायचं? बिनपगारी रजा काढलेल्या माणसाने हे कसं झेपवायचं? फाइल मागितली तर "ती सेंटरची असते" म्हणाले. तीन चकरा आणि एक लेखी अर्ज झाल्यावर कच्चा स्कॅन एसटीएल (त्रिमितीय आकाराच्या फाइलचा एक प्रकार) स्वरूपात पेनड्राइव्हवर मिळाला.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: फाइल किती वर्षं ठेवणार, तुम्हाला कोणत्या स्वरूपात देणार, आणि त्याच फाइलवरून दुसरं सॉकेट केलं तर किती घेणार. मी विचारलं नव्हतं.

दुरुस्त केलेल्या आकाराची फाइल मात्र अजून मिळाली नाही. त्यात ताईंचं कसब आहे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो, पण पाय माझा आहे. शनिवारी पारदर्शक चेक सॉकेट, म्हणजे चाचणीचं सॉकेट, घालून बघायचं आहे, तेव्हा पुन्हा विचारणार आहे.