मॉड ‘सक्रिय’ दिसतो, पण बस दिसत नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

युरो ट्रक सिम्युलेटर 2 हा संगणकावरील खेळ मी आठ महिन्यांपूर्वी सवलतीत घेतला तो ट्रक चालवण्यासाठी नव्हे, तर बस चालवण्यासाठी. निपाणीच्या बसस्थानकावर महाराष्ट्राची लालपरी आणि कर्नाटक परिवहनची गाडी शेजारीशेजारी उभ्या असलेल्या पाहत मी लहानाचा मोठा झालो. त्या दोन्ही गाड्या स्वतः चालवता याव्यात, एवढीच इच्छा होती. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअरने 2012 मध्ये आणलेल्या या खेळाचे रस्ते आणि मालवाहतूक यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी केवळ मॉडविषयी, म्हणजे खेळात नवी वाहने किंवा बदल आणणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या जोड-फाइलींविषयी लिहिणार आहे, कारण गेल्या पंधरवड्यात खेळ अद्ययावत झाला आणि पैसे देऊन घेतलेली माझी लालपरी गॅरेजमधून नाहीशी झाली. मॉडच्या यादीत मात्र ती अजूनही सक्रिय दिसत होती.

हा अनुभव मला नवा नव्हता. पहिल्याच आठवड्यात एक विनामूल्य बस उतरवून घेतली, फाइल मॉडच्या फोल्डरमध्ये ठेवली, तरी यादीत काहीच आले नाही. उतरवलेली फाइल आरएआर स्वरूपातील, म्हणजे अनेक फाइलींचा दाबून बांधलेला गठ्ठा होती आणि खेळ एससीएस किंवा झिप स्वरूपच वाचतो, हे समजायला दोन दिवस गेले. खरी एससीएस फाइल त्या गठ्ठ्याच्या आत होती. दुसऱ्या एका झिपमध्ये फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर होता. खेळ मॅनिफेस्टची, म्हणजे मॉडची माहिती देणारी फाइल सर्वांत वरच्या पातळीवर शोधतो, त्यामुळे तोही मॉड वाया गेला. तिसऱ्या वेळी चूक माझीच होती: मॉड डावीकडच्या यादीतून उजवीकडे नेला, पण बदल कायम करण्याचे बटण दाबलेच नाही.

या गोंधळात मी लॅपटॉप बेळगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथे आठशे रुपये घेऊन विंडोज नव्याने घालून देण्यात आले. लॅपटॉप घरी आणल्यावर आधी चालणारे मॉडही दिसेनासे झाले. नव्या मांडणीत डॉक्युमेंट्सचा फोल्डर ऑनलाइन साठवणीकडे वळवला गेला होता. खेळ त्या नव्या जागी पाहत होता आणि मी सवयीने जुन्या जागी फाइली ठेवत होतो. ज्यांचे मॉड यादीतच येत नाहीत, त्यांनी दुसरे काहीही करण्यापूर्वी खेळाने स्वतः तयार केलेला फोल्डर नेमका कोठे आहे, ते पाहावे. त्यात खेळाच्या नोंदीची फाइल असते आणि तिची तारीख आजची असली पाहिजे. ही तपासणी फुकट होते. आठशे रुपये ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. मॉड यादीत आहे, सक्रिय आहे, त्यावर विसंगत असल्याची कोणतीही सूचना नाही, तरीही त्याचा परिणाम दिसत नाही. या अवस्थेत मी कित्येक रात्री घालवल्या, आणि त्या काळात माझे मत असे झाले होते की खेळच खोटे सांगतो. हे मत मी आता बदलले आहे. मॉड कोणत्या आवृत्तीशी सुसंगत आहे, हे मॉड तयार करणारा स्वतः मॅनिफेस्टमध्ये लिहितो. त्याने आवृत्ती लिहिलीच नाही, तर खेळ तो मॉड सगळ्याच आवृत्त्यांशी सुसंगत समजतो. म्हणजे यादीत सूचना नसणे ही तपासणीची पावती नव्हे. तो मॉडकर्त्याचा दावा आहे, किंवा त्याने ठेवलेली रिकामी जागा आहे. एवढे कळायला मला चार महिने लागले.

खरी साक्ष नोंदीची फाइल देते. तिचे नाव गेम डॉट लॉग डॉट टीएक्सटी असे आहे आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. कोणती फाइल सापडली नाही, कोणती ओळ वाचता आली नाही, हे सगळे तीत ‘एरर’ या शब्दासह लिहिलेले असते. खेळ पुन्हा सुरू केला की ती नव्याने लिहिली जाते, म्हणून बिघाड दिसताच खेळ बंद करून तिची प्रत काढून ठेवावी. त्यानंतर मी नवीन प्रोफाइल, म्हणजे खेळातील खेळाडूचे नवे खाते, उघडतो, त्यात तो एकच मॉड लावतो आणि दोन्ही नोंदी ताडून पाहतो. मॉडची निवड प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी राहत असल्यामुळे जुन्या प्रवासाला धक्का लागत नाही. मॉड एकटा चालला, पण इतरांबरोबर चालला नाही, तर दोष क्रमाचा असतो. एकाच फाइलला दोन मॉड हात घालत असतील, तर यादीत वर असलेला जिंकतो आणि खालचा सक्रिय दिसूनही निष्प्रभ राहतो. माझ्या बसचे झोल खाणे असेच एका वाहतुकीच्या मॉडखाली दबलेले होते. क्रम उलटताच ते परत आले, आणि त्या रात्री मी तवंदी घाटाची आठवण काढत बस खूप वेळ चालवली.

खानापूरच्या माझ्या आतेभावाची तक्रार वेगळी होती. “अण्णा, गाडी हलते पण आवाजच नाही,” असे त्याने फोनवर सांगितले. त्याच्याकडील मॉड फार जुना होता. 2020 मध्ये 1.37 या आवृत्तीपासून खेळाने आवाजासाठी एफमॉड ही नवी व्यवस्था स्वीकारली, आणि त्यापूर्वीचे आवाज तिच्यासाठी नव्याने बांधावे लागतात. पुढच्याच वर्षी 1.40 मध्ये प्रकाशयोजना बदलली. अशा मॉडची जागा बदलून किंवा तो पुन्हा उतरवून काही साध्य होत नाही, हे मी त्याला सांगितले आणि त्याच्या दोन रात्री वाचवल्या.

माझ्या लालपरीची नोंद पाहिल्यावर तिचा सांगाडाच नव्या आवृत्तीला वाचता येत नसल्याचे कळले. मॅनिफेस्टमध्ये आवृत्ती लिहिलेली नव्हती का, हे पाहावे म्हटले, तर फाइल कुलूपबंद होती. साडेतीनशे रुपये देऊनही ती उघडून दुरुस्त करण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. विक्रेत्याला लिहिले, तेव्हा नवी प्रत हवी असल्यास पुन्हा तेवढेच पैसे द्या, असे उत्तर आले. घेताना त्याने ‘सर्व आवृत्त्यांवर चालते’ असे लिहून दिले होते, आणि तो संदेश माझ्याकडे जपून ठेवलेला आहे.

तूर्त उपाय सापडला तो स्टीममध्येच, म्हणजे ज्या ऑनलाइन दुकानातून खेळ उतरवला जातो तेथेच. खेळाच्या गुणधर्मांत बीटा या विभागात जुन्या आवृत्त्या निवडता येतात. मागची आवृत्ती निवडून खेळ उतरवला आणि बस जशीच्या तशी गॅरेजमध्ये उभी राहिली. प्रोफाइलची प्रत मात्र आधी काढून ठेवावी. आता मी लंडन ते केंब्रिज चालवतो, कारण ब्रिटनमध्ये वाहतूक डावीकडून आहे आणि उजव्या हाताचे सुकाणू तेथेच शोभते. बसच्या कपाळावर ‘निपाणी’ ही पाटी आहे.

मागील महिन्यात मी या खेळाला दोन तारे दिले होते. आज चार देत आहे. विकत घेतलेल्या मॉडला एकही नाही. पैसे परत मागणारा संदेश मी काल तिसऱ्यांदा पाठवला आणि सोबत नोंदीच्या फाइलची प्रत जोडली आहे.