वीज गेली की बंद, आली तरी बंद: मांजराच्या पाण्याच्या कारंज्याचा अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हे कारंजे घ्यावे की नाही, याचे उत्तर माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरते: तुमच्या घरची वीज जाते का आणि ती जाते तेव्हा घरात कोणी असते का. दोन लिटरची टाकी, यूएसबीवर चालणारा पंप, वरचे स्टीलचे ताट आणि कार्बनचा फिल्टर ही माहिती घेणाऱ्याने विक्रीच्या पानावर वाचलेलीच असते, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या या यंत्राने हिवाळा पाहिला, पूर्ण उन्हाळा काढला, आणि या काळात त्याच्याविषयीचे माझे मत एकापेक्षा अधिक वेळा बदलले.

आम्ही दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात राहतो. ठिबक सिंचनाचे संच बसवणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम आहे. रब्बीच्या तयारीत आणि पुढे आंबिया बहाराचा मोहोर यावा म्हणून संत्र्याच्या बागांचे मुद्दाम थांबवलेले पाणी (ताण) पुन्हा सुरू करण्याच्या दिवसांत मला वरुड-मोर्शीकडे मुक्कामाने जावे लागते. घरी भुऱ्या नावाचा बोका आहे. त्याची नसबंदी झालेली आहे, अंगाने तो जरा जड आहे आणि स्वभावाने अतिशय भित्रा आहे. गल्लीतून थ्रेशर गेला, लग्नाचा डीजे वाजला किंवा घरात अनोळखी माणूस आला, की तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसतो आणि त्यानंतर एकदोन दिवसांत त्याचे लघवीचे दुखणे डोके वर काढते. पुन्हा पुन्हा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसणे, कण्हणे, थेंबभर लघवी होणे, त्यातही रक्ताची छटा दिसणे आणि सतत ती जागा चाटत राहणे, ही त्याची लक्षणे आम्हाला आता तोंडपाठ आहेत.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर सांगितले की, तरुण मांजरांमध्ये या त्रासामागे जंतुसंसर्ग क्वचितच असतो. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही, मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि मनावरचा ताण ती सूज वाढवतो, म्हणून उठसूट अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. असा झटका बहुधा आठवडाभरात आपोआप ओसरतो. बोक्याच्या बाबतीत मात्र धोका वेगळा असतो, कारण त्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. तीत चिकट स्राव आणि खड्यांचा चुरा अडकून लघवी पूर्ण तुंबली, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयावर परिणाम होतो आणि एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांचा भर दोन गोष्टींवर होता: लघवी पातळ राहील इतके पाणी पोटात गेले पाहिजे आणि घरातली दिनचर्या ढळता कामा नये. माझ्या गैरहजेरीत नेमक्या याच दोन गोष्टी बिघडत असत.

कारंजे घेतले ते पहिल्या गोष्टीसाठी. भुऱ्या वाटीतल्या पाण्याला तोंड लावत नसे, पण मोरीतला नळ ठिबकू लागला की तेथे जाऊन बसे. हे पाहिल्यावर वाहते पाणी त्याला आवडेल असे वाटले आणि तसेच झाले. यंत्र सुरू केल्यावर त्याने प्रथम लांबून पाहिले, मग पंजा ओला करून चाटला, आणि काही दिवसांतच तो स्वतः होऊन तेथे पाणी पिऊ लागला. पंपाचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. भित्र्या जनावराच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे आणि त्याचे श्रेय बनवणाऱ्यांना दिलेच पाहिजे. त्या वेळी हा अनुभव लिहिला असता, तर मी पूर्ण गुण दिले असते.

त्यानंतर मी कामावर गेलो आणि खरा दोष समोर आला. आमच्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की लाइन जाते आणि एरवीही दुपारी ती जाणे नवे नाही. वीज गेली की कारंजे बंद पडते, हे समजण्यासारखे आहे. परंतु वीज परत आली तरी ते सुरू होत नाही. मागच्या बाजूचे बारीक बटण दाबल्याशिवाय पंप फिरतच नाही. मी घरी असताना हे बटण सहज दाबले जात असे, त्यामुळे हा मुद्दा एवढा मोठा असेल याची कल्पना येण्याचे कारण नव्हते. मी वरुडला असताना शेजारच्या काकूंचा फोन आला: "भाऊ, लाइन तं सकाळीच आली, पन तुमचं यंत्र काही सुरू झालं नाही, अन् भुऱ्या त्या पान्याकडे पायतही नाही." ताटात पाणी होते, टाकी भरलेली होती, तरी साचलेल्या पाण्याला त्याने तोंड लावले नव्हते. मी परतलो तेव्हा त्याच्या ट्रेमध्ये रक्ताची छटा होती. त्या झटक्याचे कारण केवळ कारंजे होते असे मी म्हणणार नाही, कारण माझे घरात नसणे हाही ताणच होता. पण ज्या प्रसंगासाठी हे यंत्र घेतले, नेमक्या त्याच प्रसंगी ते कामाचे राहिले नाही, याचा मला मनापासून राग आला.

कंपनीच्या ग्राहक सेवेशी झालेला संवाद त्याहून त्रासदायक होता. प्रथम मला पंप साफ करायला सांगण्यात आले, मग नवा पंप पाठवण्यात आला, आणि तो बसवूनही तेच घडते असे कळवल्यावर ही सुरक्षेची सोय असल्याचे उत्तर मिळाले. पाणी संपलेले असताना वीज आली तर पंप कोरडा फिरून जळू नये, म्हणून तो आपोआप सुरू होत नाही, असे त्यांचे म्हणणे. मोटारपंपांशी रोजचा संबंध असणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखे नाही, कारण पाणी कमी झाल्यावर पंप बंद करणारा सेन्सर याच यंत्रात आधीपासून आहे आणि तो नीट कामही करतो. शेतातल्या मोटारीला ऑटो स्टार्टर लावण्याची पद्धत गावोगावी असताना घरातल्या पाण्याच्या भांड्याला तेवढी सोय नसावी, हे मला अजूनही खटकते. जनावराचा मालक घरी नसताना चालावे म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला रोज बटण दाबणारा माणूस लागत असेल, तर जाहिरातीत ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

उपाय शेवटी मलाच शोधावा लागला. प्रथम पॉवर बँक मध्ये जोडून पाहिली. पण माझ्याकडची पॉवर बँक चार्जिंगवरून बॅटरीवर जाताना क्षणभर पुरवठा तोडते आणि तेवढ्या खंडातही पंप बंद पडतो. मग वायफायच्या राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला, ज्याला 5 व्होल्टची यूएसबी जोडणी आहे. त्याचा पुरवठा तुटत नाही आणि पंप फारच थोडी वीज घेत असल्यामुळे दुपारभर लाइन नसली तरी कारंजे चालू राहते. तेव्हापासून त्या बटणाला हात लावण्याची वेळ क्वचितच येते. मात्र कारंज्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे या यूपीएसला पडले, आणि तो खर्च मी कारंज्याच्याच खात्यात धरतो.

यानंतर माझे मत पुन्हा बदलले, ते मोजमापामुळे. टाकीतले पाणी किती कमी झाले यावरून मांजर किती प्याले हे ठरवता येत नाही, कारण आमच्या वैशाखात पाणी नुसते उघडे ठेवले तरी आटते. ठिबकच्या पाण्याचे वेळापत्रक बाष्पीभवन पाहून ठरवतात, तीच रीत मी घरी वापरली. तेवढ्याच तोंडाचे दुसरे ताट जाळीखाली शेजारी ठेवले आणि त्यातली घट टाकीतल्या घटीतून वजा केली. वाहते पाणी स्थिर पाण्यापेक्षा लवकर उडते, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच आहे, पण त्यातून निघालेला आकडा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच लहान होता. साडेचार किलोच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला साधारण 200 ते 225 मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या दाण्यात पाण्याचा अंश 10 टक्क्यांच्या आसपास असतो, तर ओल्या अन्नात तो 75 ते 80 टक्के असतो. म्हणजे 85 ग्रॅमच्या एका पाकिटातूनच 65 मिलिलिटरच्या आसपास पाणी पोटात जाते, आणि त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवले तर मांजराला कळतही नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने भुऱ्याला हळूहळू ओल्या अन्नावर आणल्यानंतर ट्रेमधल्या रेतीत त्याच्या लघवीने बनणारे गोळे मोठे होऊ लागले, आणि तो फरक केवळ कारंज्याने झालेल्या फरकापेक्षा उघडपणे जास्त होता. सगळीच मांजरे कारंज्यातून जास्त पाणी पितात असेही नाही. म्हणून ज्याच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, त्याने आधी ओले अन्न सुरू करावे असे मी स्पष्ट सांगेन.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना आहे. बोअरचे पाणी या यंत्रात घालू नये. पंपाच्या आतल्या पंख्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो, धार बारीक होत जाते आणि शेवटी पंप घरघरू लागतो. आम्ही शहानूर धरणाच्या नळयोजनेचे, माठात साठवलेले पाणी वापरतो, तरीही थोडा थर धरतोच. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, साफ करताना आम्ही आम्लप्रक्रिया करतो, त्याच तत्त्वावर कोमट पाण्यात लिंबाचा रस घालून पंप त्यात भिजत ठेवावा, जुन्या ब्रशने पंखा घासावा आणि स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळा धुवावा. कंपनीचे फिल्टर महाग आहेत आणि त्यांनी विरघळलेले क्षार कमी होताना मला दिसले नाहीत, म्हणून मी ते आणणे बंद केले आणि त्याऐवजी दर दोन दिवसांनी पाणी बदलतो.

घर सोडून जाताना कारंज्यापेक्षा काकू जास्त महत्त्वाच्या आहेत. भुऱ्याला दुसरीकडे ठेवण्याचा विचार मी कधीच सोडून दिला आहे, कारण अशा मांजराला परक्या जागेपेक्षा रिकामे पण ओळखीचे घर मानवते. मी निघण्याच्या आठवडाभर आधीपासून काकू ठरलेल्या वेळी येऊन त्याला जेवण देतात, त्यामुळे मी गेल्यावर त्याच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. माझी प्रवासाची बॅग वर्षभर खोलीत उघडीच असते, कारण पूर्वी ती माळ्यावरून खाली आली की तो कोठीमागे जात असे. माझा न धुतलेला दुपट्टा त्याच्या खोक्यात असतो. ट्रे दोन आहेत, एकमेकांपासून आणि जेवणापासून लांब. काकू सकाळ-संध्याकाळ दोन्ही ट्रेचे फोटो पाठवतात आणि मी गोळ्यांची संख्या व आकार पाहतो. मांजर खोलीत दिसले, जेवले, एवढे कळून माझे समाधान होत नाही. लघवी झाली की नाही, हाच माझा रोजचा प्रश्न असतो.

भिंतीवर काकूंसाठी मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद आहे. भुऱ्या पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये. माणसांची कोणतीही गोळी देऊ नये, आणि पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, कारण तिच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर मदतीला तत्पर असतात, पण तेथे दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. तुंबलेल्या बोक्याला भूल देऊन नळी घालणे, रक्त तपासणे आणि सलाइनवर ठेवणे यासाठी अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेसारख्या मोठ्या ठिकाणीच न्यावे लागते. म्हणून कागदाच्या खाली गावातल्या गाडीवाल्याचा नंबर आहे. तो रात्री-अपरात्री निघायला कबूल आहे आणि अकोल्यापर्यंतचे भाडे मी दर वेळी काकूंकडे आगाऊ देऊन जातो.