वाक्प्रचारांची चित्रकार्डे: स्वमग्न मुलांना किती उपयोगी?

‘पोटात कावळे ओरडतायत’, ‘डोळा लागला’ अशांसाठी ही कार्डे चांगली. पण पुढच्या बाजूला बऱ्याचदा खरोखरचे कावळेच काढलेले असतात आणि मुलाच्या मनात तेच पक्के बसतात. ती बाजू झाका, आधी कार्डाच्या मागच्या बाजूचा, खरा अर्थ सांगणारा प्रसंग दाखवा. एका बैठकीत दोनच कार्डे, आणि त्याच दिवशी जेवणाआधी ते वाक्य वापरा.

खरी उणीव पुढे आहे. ताटावर कोणी ‘मीठ आहे का?’ विचारलं की मूल ‘हो’ म्हणून बसून राहतं. हा उद्धटपणा अजिबात नव्हे. शब्दांत मागणी नाहीच! असा अर्थ पाठ करून येत नाही, बोलणारा आणि प्रसंग पाहून ठरतो. त्यासाठी कार्डांपेक्षा कोरा कागद बरा: दोन माणसं काढा, बोलण्याचा आणि विचाराचा फुगा वेगळ्या रंगात. विचाराच्या फुग्यात मुलालाच लिहू द्या, ‘आमटी अळणी आहे, मीठ हवंय.’