सात कथा, सात ग्रह: ‘प्लॅनेट नार्निया’च्या काही महिन्यांच्या वापरानंतर

मायकेल वॉर्ड यांचा ‘प्लॅनेट नार्निया’ हा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००८ मध्ये प्रकाशित केला. गेले काही महिने मी तो इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांच्या नार्नियाकथांच्या, म्हणजे नार्निया या काल्पनिक जगातील मुलांसाठीच्या सात कथांच्या, जोडीने वाचतो आहे. आधी मूळ कथा, मग तिच्यावरचे वॉर्ड यांचे प्रकरण आणि त्यानंतर पुन्हा तीच कथा, असा क्रम मी ठेवला आहे.

१९५० ते १९५६ या काळात आलेल्या सातही कथांचे वातावरण मध्ययुगीन विश्वरचनेतील एकेका ग्रहाने घडवले आहे आणि लुईस यांनी ही गोष्ट जाणूनबुजून अव्यक्त ठेवली, असे वॉर्ड यांचे प्रतिपादन आहे. त्या विश्वरचनेत पृथ्वी मध्यभागी स्थिर असते आणि तिच्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू व शनी यांचे गोल एकाबाहेर एक फिरत असतात. लुईस यांनी मध्ययुगीन साहित्य आयुष्यभर शिकवले, १९३५ मध्ये या सात ग्रहांवर एक दीर्घ कविता प्रसिद्ध केली आणि त्यांच्या निधनानंतर आलेले ‘द डिस्कार्डेड इमेज’ हे पुस्तकही याच विश्वचित्राला वाहिलेले आहे. त्यामुळे हा तर्क हवेत मांडलेला नाही.

माझ्या वाचनात सर्वांत मोठा फरक ‘द सिल्व्हर चेअर’ने पडला. वॉर्ड यांच्या मते ही चंद्राची कथा. मध्ययुगीन कल्पनेनुसार चंद्राची कक्षा ही सीमारेषा असते. तिच्यावर सारे निर्मळ आणि अढळ असते, तर तिच्याखाली हवा, बदल, संशय आणि बुद्धिभ्रंश यांचे राज्य असते. आता कथेची सुरुवात पाहा. उंच पर्वतावर अस्लान हा सिंह जिल या मुलीला चार खुणा सांगतो आणि बजावतो की, इथे हवा स्वच्छ आहे आणि तुझे मनही स्वच्छ आहे, पण खाली नार्नियात उतरशील तशी हवा दाट होत जाईल. पूर्वी मला हा उपदेश केवळ पाठांतराविषयीचा वाटे. वॉर्ड यांचे प्रकरण वाचल्यावर खुणांचा पडत जाणारा विसर, सतत जाणवणारा ओलावा, रोज रात्री चांदीच्या खुर्चीला जखडला जाणारा राजपुत्र आणि सूर्य मुळात नाहीच असे पटवू पाहणारी पाताळातील राणी, हे सारे एकाच हवेतले वाटू लागले. ‘प्रिन्स कॅस्पियन’ या मंगळाच्या कथेत युद्धाबरोबर जागी होणारी झाडे का, या प्रश्नाचे उत्तरही असेच समाधानकारक आहे, कारण प्राचीन रोममध्ये मंगळाचा संबंध अरण्याशीही होता.

मराठी वाचकाने येथे एक काळजी घ्यावी. वारांमुळे हे सातही ग्रह आपल्या परिचयाचे असतात आणि आपण नकळत आपल्या ज्योतिषाची मांडणी त्यांच्यावर लादतो. आपल्याकडे ग्रहमंडळाचा राजा सूर्य आणि गुरू हा देवांचा आचार्य. युरोपीय परंपरेत मात्र राजपद, औदार्य आणि उत्सवी आनंद गुरूकडे असतात. म्हणून राजा अस्लान आणि लुईस यांच्या मित्रांनाही खटकलेला फादर ख्रिसमस ज्या पहिल्या कथेत एकत्र येतात, ती गुरूची ठरते, आणि सूर्याच्या वाट्याला सोन्याच्या मोहातून पूर्वेच्या प्रकाशाकडे जाणारी ‘डॉन ट्रेडर’ची सफर येते.

सर्वच प्रकरणे सारख्या बळाची नाहीत. ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मधील जुळे भाऊ आणि निरोप पोहोचवण्यासाठीची धावपळ बुधाला शोभते खरी, पण तिथे काही दुवे ओढूनताणून आणलेले वाटतात. शिवाय पहिली कथा लिहिताना पुढच्या कथांची कल्पना नव्हती, असे लुईस यांनी १९५७ च्या एका पत्रात स्वतः सांगितले आहे. म्हणून सातांचा आराखडा सुरुवातीपासून तयार असावा, असे मानता येत नाही. माझ्या मते ही कल्पना लिहिता लिहिता पक्की झाली असावी, आणि तसे मानल्याने तिची किंमत कमी होत नाही.

ग्रंथ जड आहे. प्रत्येक ग्रहाचा माग लुईस यांच्या अभ्यासग्रंथांत, कवितांत आणि आधीच्या अवकाशकादंबऱ्यांत काढल्यावरच वॉर्ड नार्नियाकडे वळतात. ज्यांना एवढा वेळ नाही, त्यांनी त्यांचेच २०१० मधील सुटसुटीत ‘द नार्निया कोड’ घ्यावे. मुलांना मात्र कथा आधी कोणत्याही किल्लीविना वाचू द्याव्यात आणि मोठ्यांनी या ग्रंथाची सुरुवात चंद्राच्या प्रकरणापासून करावी.