गुलाबांचा गुच्छ की गुलाबाची कुंडी?

सासूबाईंच्या साठीला रत्नागिरीला काय न्यावं, गुच्छ की कुंडी, असा मैत्रिणीला पेच पडलाय.

खर्चात फार फरक नाही; फेब्रुवारीत मात्र व्हॅलेंटाइनपायी गुच्छाचा भाव चढतो.

खरी तफावत टिकण्यात. मावळातल्या पॉलीहाऊसचा गुलाब घाट उतरून येतो, त्यात किनाऱ्याची दमट हवा. म्हणून वरच्या चमकीच्या कागदाला भुलू नका. फूल देठाकडे दोन बोटांनी हलकेच दाबा. घट्ट लागलं तर ताजं, मऊ लागलं तर सोडा. बाहेरची एखादी पाकळी डागाळलेली चालते. घरी देठ तिरके कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून, रोज पाणी बदललं तर चार-पाच दिवस निघतात. आंब्याच्या अढीशेजारी मात्र ठेवू नका. पिकत्या फळांतल्या इथिलीन वायूने फुलं लवकर उतरतात.

कुंडी वर्षानुवर्षं राहील, पण राबवून घेते. पावसात पानांवर काळे ठिपके पडतात, मुळं कुजतात. पागोळीखालून हलवा, ऊन द्या, छाटणी करा.

सासूबाईंना झाडांचा नाद असेल तर कुंडी, तीही पावसाळा सरल्यावर. गुडघे धरलेले असतील किंवा घर वर्षातले सहा महिने बंदच असेल, तर गुच्छच बरा.